कै. स्वामी कुवलयानंद आणि देहाच्या हालचालींचें शास्त्र

जुलै महिना लागला म्हणजे आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांत रोवणीस आरंभ होतो. घोट्यापर्यंत चिखलांत उभ्या राहून, कमरेंत वाकून, स्त्रिया ओळीनें मागें मागें सरत जातात. डाव्या हातांत पऱ्ह्यांची जुडी असते आणि उजव्या हाताचीं बोटें त्यांतील दोन-चार काड्या अचूक वेगळ्या काढून चिखलांत रोवीत असतात. पाहणारास हें काम सोपें वाटतें. परंतु ज्या विद्यार्थ्यानें एखाद्या सुट्टीच्या दिवशीं आईच्या शेजारीं उभें राहून तें करून पाहिलें असेल, त्यास त्याची कठिणता पहिल्या घटकेंतच कळून चुकली असेल. पाय रुततो, तोल जातो, रोप आडवें पडतें, आणि संध्याकाळीं पाठ सरळ करवत नाहीं. तीच गोष्ट विड्या वळणाऱ्या बोटांची. मांडीवर सूप घेऊन बसलेली एखादी आजी घरच्या गोष्टी बोलत असतां तेंदूच्या पानांत जर्दा घालते, पान वळते, दोरा गुंडाळते आणि विडी बाजूस टाकते. तिची नजर हातांकडे नसते, तरीहि एक विडी दुसरीसारखीच उतरते.

हें कौशल्य राहतें तरी कोठें? बोटांत, पाठीच्या कण्यांत, कीं मेंदूंत? एक स्नायु आखडावा आणि त्याच्या शेजारचा सैल राहावा, ही व्यवस्था कोण लावतें? आजारानें किंवा अपघातानें हरवलेली हालचाल देहास पुन्हा शिकवितां येते काय? ज्या विद्येस आज फिजिओथेरपी म्हणतात, तिच्या संशोधनांतील हे मुख्य प्रश्न होत. या प्रश्नांपैकीं एका प्रश्नाचा, म्हणजे माणसाचा आपल्या स्नायूंवर किती ताबा चालतो या प्रश्नाचा, यंत्रें हातीं घेऊन शोध करणारा एक पुरुष आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेला. स्वामी कुवलयानंद हें त्यांचें नांव. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं वाचावें, अशा हेतूनें आम्ही तें येथें थोडक्यांत देत आहों.

स्वामींचें मूळचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं बडोदे संस्थानांतील डभोई या गांवीं एका मराठी कुटुंबांत झाला. घरची स्थिति बेताचीच होती. परंतु संस्कृत विषयांत मुलाची गति असामान्य होती. १९०३ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत त्यांनीं संस्कृतांतील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली. त्या काळच्या विद्यार्थ्यांत या शिष्यवृत्तीस मोठा मान असे. पुढें बडोदे कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें आणि १९१० सालीं ते पदवीधर झाले. या कॉलेजांत १९०६ पर्यंत अरविंद घोष हे अध्यापक होते, आणि लोकमान्य टिळकांचें नांव तर घरोघरीं पोंचलें होतें. स्वदेशाची सेवा हेंच आयुष्याचें काम, असा निश्चय करून अनेक तरुण त्या दिवसांत घराबाहेर पडले. जगन्नाथ गुणे हे त्यांपैकींच एक होत. त्यांनीं अविवाहित राहून लोकसेवा करण्याचें व्रत घेतलें आणि तें शेवटपर्यंत पाळिलें.

कॉलेजांत शिकत असतांनाच त्यांस एक निराळी शाळा सांपडली. बडोद्यास जुम्मादादा नांवाच्या नामांकित मल्लाची व्यायामशाळा होती व ती त्यांचे शिष्य माणिकराव चालवीत असत. माणिकराव हे कुस्ती, मल्लखांब, लाठी इत्यादि विद्यांत निष्णात होतेच; पण निखळलेलीं व मोडलेलीं हाडें बसविण्यांतहि त्यांची ख्याति होती. शेंकडों मुलांनीं एका आज्ञेसरशीं एकत्र व्यायाम करावा, आणि ती आज्ञा परकीय भाषेंत नसून आपल्या भाषेंत असावी, अशी सांघिक व्यायामाची पद्धतीहि त्यांनीं बसविली. १९०७ पासून १९१० पर्यंत गुणे यांनीं त्यांच्या हाताखालीं शिक्षण घेतलें. सकाळीं व्याकरणाचें सूत्र आणि सायंकाळीं आखाड्याची माती, असा तो अभ्यासक्रम होता. दुखावलेल्या सांध्यावर हात ठेवून, कोणता स्नायु ओढला गेला आहे आणि कोणता नाहीं, हें बोटांनीं ओळखणाऱ्या गुरूच्या सहवासांत तीन वर्षें घालविल्यावर देहाकडे पाहण्याची दृष्टि पालटली नसती तरच नवल.

शिक्षण संपल्यावर गुणे हे खानदेशांत अमळनेर येथें गेले. आमच्या गोंदियाहून मुंबईच्या बाजूस जाणाऱ्या गाडीनें जळगांव गांठावें आणि तेथून सुरतेकडील लोहमार्गानें पुढें जावें, म्हणजे वाटेंत अमळनेर लागतें. ज्या अमळनेरास पुढें साने गुरुजींनीं शिक्षकाचें काम केलें, तेंच हें गांव. तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांत गुणे यांनीं अध्यापन केलें व तिच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. विद्यार्थ्यांस आपल्या देशाच्या संस्कृतीचा परिचय करून देणें हें तेथील ध्येय होतें. राष्ट्रीय भावनेचा हा जोर सरकारास मानवला नाहीं आणि १९२० सालीं तें महाविद्यालय बंद पडलें. सदतीस वर्षांच्या वयांत हातचें काम सुटलें. पुढें काय, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचें उत्तर मात्र एक वर्ष आधींच त्यांच्या आयुष्यांत येऊन बसलें होतें. बडोद्याजवळ नर्मदेच्या तीरावर मालसर नांवाचें क्षेत्र आहे. तेथें परमहंस माधवदासजी नांवाचे वृद्ध योगी राहत असत. १९१९ सालीं गुणे यांस त्यांचा सहवास लाभला व त्यांच्याजवळ त्यांनीं योगाच्या क्रिया शिकण्यास आरंभ केला. आखाड्यांत देहाचें बळ पाहिलें होतें. येथें त्यांस देहावरील ताबा दिसला. ज्या स्नायूंकडे सामान्य माणसाचें जन्मभर लक्षहि जात नाहीं, ते स्नायु योगी आपल्या इच्छेनुसार एकेकटे हालवीत असत.

येथें गुणे यांच्यापुढें मोठा पेंच पडला, आणि त्यांच्या चरित्राचें मर्म या पेंचांतच आहे असें आम्हांस वाटतें. त्या काळीं योगाविषयीं दोन तट होते. इंग्रजी शिकलेल्या पुष्कळ मंडळींस हा सारा प्रकार बैराग्यांचा खेळ वाटे व ती त्याकडे पाठ फिरवीत. उलट भाविक मंडळी प्रत्येक क्रियेस चमत्काराचें रूप देत आणि तिची परीक्षा करणें हाच गुरूचा अपमान समजत. गुणे हे दोन्ही तटांस ओळखून होते, कारण त्यांचें एक पाऊल कॉलेजांत होतें आणि दुसरें मालसरास. गुरूवर त्यांची निष्ठा अढळ होती; परंतु डोळे मिटून मान डोलविणें म्हणजे निष्ठा, हें त्यांच्या बुद्धीस पटेना. जें खरें आहे त्यास परीक्षेचें भय कशास असावें? म्हणून त्यांनीं गुरूची विद्या रुग्णालयाच्या दारांत नेली.

१९२० व १९२१ या सालांत बडोद्याच्या रुग्णालयांत त्यांनीं आपल्या कांहीं विद्यार्थ्यांच्या साहाय्यानें प्रयोग केले. प्रयोगासाठीं त्यांनीं उड्डियान व नौली या दोन क्रिया निवडल्या. त्या काय आहेत हें समजल्याशिवाय प्रयोगाचें महत्त्व ध्यानांत यावयाचें नाहीं. उड्डियानांत प्रथम श्वास पूर्णपणें बाहेर सोडावयाचा. मग हवा आंत न घेतां, जणूं ती घेत आहों अशा रीतीनें, बरगड्या फुलवावयाच्या. त्यामुळें छाती व पोट यांच्यामधील पडदा वर उचलला जातो आणि पोट खळग्यासारखें आंत जातें. नौलींत याच्या पुढची पायरी आहे. बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत मध्यभागीं जे दोन उभे स्नायु आहेत, तेवढेच आखडून दोरखंडासारखे पुढें काढावयाचे व बाजूचे सर्व स्नायु सैल सोडावयाचे. पुढें सरावानें एकदां उजवा व एकदां डावा असे ते निरनिराळे आखडावयाचे. आपणांपैकीं बहुतेकांस पोट आवळणें येतें, परंतु तें सगळेंच्या सगळें आवळलें जातें. त्यांतील एकाच स्नायूस हांक मारून बाकीच्यांस स्वस्थ बसविणें हें नौलीचें कौशल्य. पऱ्ह्यांच्या जुडीतून दोनच काड्या काढणाऱ्या बोटांचें कौशल्यहि याच जातीचें आहे.

गुणे यांनीं विद्यार्थ्यांस बेरियमचें मिश्रण देऊन क्ष-किरणांनीं त्यांचीं चित्रें घेतलीं. बेरियममधून क्ष-किरण पार जात नाहींत. त्यामुळें आंतड्यांची जागा चित्रांत स्पष्ट उमटते. क्रियेपूर्वीं आंतडें कोठें होतें आणि क्रिया चालू असतां तें कोठें सरकलें, हें अशा रीतीनें डोळ्यांना पाहतां आलें. पुढें त्यांनीं दाबमापक यंत्र लावून आंतड्यांतील दाबहि मोजला. कांहीं योगी पाण्यांत बसून, कोणत्याहि पिचकारीवांचून, आंतड्यांत पाणी ओढून घेत असत व लोक त्यास सिद्धि समजत. यंत्राचा पारा निराळीच हकीकत सांगूं लागला. नौली चालू असतां पोटांतील पोकळी वाढते आणि आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षां कमी होतो. पिचकारीचा दट्टा मागें ओढला म्हणजे नळींत पाणी चढतें, त्याच नियमानें हें पाणी आंत जातें. चमत्कार नाहींसा झाला. पण त्याच्या जागीं जें उरलें तें कमी अद्भुत नव्हतें. केवळ स्नायूंच्या शिस्तीनें एक माणूस आपल्या पोटांत दाब कमी करूं शकतो, ही गोष्ट आंकड्यांनीं सिद्ध झाली. या कमी दाबास त्यांनीं आपल्या गुरूंचें नांव देऊन माधवदास निर्वात असें म्हटलें. गुरूच्या विद्येची परीक्षा केल्यानें गुरूचा मान उणा झाला नाहीं. उलट शास्त्राच्या ग्रंथांत गुरूचें नांव शिष्याच्या हातून लिहिलें गेलें.

या यशानें मार्ग निश्चित झाला. ऑक्टोबर १९२४ मध्यें पुणें व मुंबई यांच्या दरम्यान लोणावळें येथें कैवल्यधाम या आश्रमाची स्थापना झाली आणि गुणे हे स्वामी कुवलयानंद या नांवानें सर्वत्र ओळखले जाऊं लागले. आश्रम म्हणजे पर्णकुटी, यज्ञकुंड आणि जटा, अशी कल्पना करून तेथें जाणारास आश्चर्य वाटलें असतें, कारण येथें प्रयोगशाळा होती. त्याच वेळीं योगमीमांसा हें नियतकालिक त्यांनीं सुरू केलें. त्यांत एका भागांत प्रयोगांचीं टिपणें, आंकडे व क्ष-किरणांचीं चित्रें असत, आणि दुसऱ्या भागांत सामान्य वाचकांस समजेल असें विवेचन असे. आसनें करतांना रक्ताचा दाब किती वाढतो, श्वासांत कोणता वायु किती जातो व किती परत येतो, असल्या विषयांवरील मोजमापें त्यांत प्रसिद्ध होऊं लागलीं. हें नियतकालिक आजहि निघत आहे.

यांपैकीं एका प्रयोगाची हकीकत आम्ही मुद्दाम देतों, कारण ती स्वामींच्या पक्षाची नसून त्यांच्या प्रामाणिकपणाची आहे. प्राणायामानें देहास नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक प्राणवायु मिळतो व त्यांतच त्याचें फळ आहे, असें तेव्हां बहुतेक योगाभिमानी लोक सांगत आणि आजहि पुष्कळ सांगतात. स्वामींनीं मोजून पाहिलें तेव्हां त्यांच्या आंकड्यांनीं या समजुतीस पुष्टि दिली नाहीं. आपल्याच पक्षाचें आवडतें प्रमाण मोडकळीस येत आहे असें पाहून दुसऱ्या एखाद्यानें तें टिपण पेटींत ठेवून दिलें असतें. स्वामींनीं तें छापिलें, आणि प्राणायामाचें महत्त्व प्राणवायूच्या सांठ्यांत नसून श्वसनाच्या स्नायूंवरील व मज्जासंस्थेवरील ताब्यांत शोधावें, असा आपला विचार मांडला. पुढें केरळांतून अमेरिकेंतील येल विद्यापीठांत गेलेले कोवूर बेहनन हे लोणावळ्यास येऊन स्वामींजवळ शिकले. त्यांनीं स्वतःच्या देहावर जीं मापें घेतलीं, त्यांत कांहीं प्राणायामप्रकार चालू असतां प्राणवायूचा खर्च वाढलेला आढळला. १९३७ सालीं त्यांनीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरूचा आंकडा एक व शिष्याचा दुसरा, असें झालें म्हणून दोघांपैकीं कोणी कमीपणा मानिला नाहीं. शास्त्र असेंच पुढें जात असतें.

याच काळांत जगाच्या दुसऱ्या भागांतहि देहाच्या हालचालींविषयीं मोठें काम चाललें होतें. इंग्लंडांत शेरिंग्टन या शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, एक स्नायु आखडूं लागला म्हणजे त्याच्या विरुद्ध ओढणाऱ्या स्नायूस सैल होण्याचा इशारा मज्जासंस्थेकडूनच जातो; त्यांस १९३२ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तिकडे मास्को शहरीं श्रमसंस्थेंत बर्नस्टाइन नांवाचा तरुण संशोधक कामगारांच्या हातांस लहान दिवे बांधून घण मारतांना त्यांचीं छायाचित्रें घेत होता. त्यास असें दिसून आलें कीं, कुशल कामगाराच्या घणाचें टोंक प्रत्येक वेळीं जवळजवळ त्याच जागीं पडतें, परंतु खांदा, कोंपर व मनगट यांच्या हालचाली प्रत्येक वेळीं थोड्या थोड्या निराळ्या असतात. म्हणजे मेंदु एकच हालचाल पाठ करून ठेवीत नाहीं. तो साध्य ध्यानांत ठेवितो आणि त्या क्षणाच्या गरजेप्रमाणें अवयवांची जुळणी करितो. आमच्या बांधींतील चिखल कोठें खोल तर कोठें उथळ असतो, तरी रोप उभेंच राहतें, त्याचें कारण हेंच.

स्वामींचें काम प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कोंडून राहिलें नाहीं. १९२७ सालीं महात्मा गांधी रक्तदाबाच्या विकारानें आजारी असतां आसनांसंबंधीं त्यांनीं स्वामींचा सल्ला घेतला व दोघांमध्यें पत्रव्यवहार झाला. १९३२ सालीं मुंबईस यौगिक आरोग्यकेंद्र निघालें आणि १९३६ पासून तें मरीन ड्राइव्हवर चालू झालें. प्रत्येक रोग्याची आधीं तपासणी करावी, त्याच्या शक्तीप्रमाणें क्रिया ठरवावी, आणि गुण आला कीं नाहीं याची नोंद ठेवावी, ही तेथील रीत होती. शाळांतील मुलांसाठींहि स्वामींनीं यौगिक व्यायामाचे पाठ बसविले. मुंबई इलाख्यांतील शारीरिक शिक्षणाची योजना आंखण्याच्या कामीं सरकारनें त्यांचें साहाय्य घेतलें. माणिकरावांच्या आखाड्यांत पाहिलेली सांघिक व्यायामाची शिस्त आणि मालसरास शिकलेलीं आसनें, या दोन्हींची सांगड त्या पाठांत होती. लोणावळ्यास पुढें योगाचे शिक्षक तयार करणारें महाविद्यालय निघालें, तसेंच यौगिक उपचारांचें रुग्णालयहि निघालें.

१९५७ च्या सुमारास वेंगर व बागची हे दोन संशोधक अमेरिकेहून हिंदुस्थानांत आले. योगी आपलें हृदय बंद पाडूं शकतात, ही प्रसिद्ध गोष्ट खरी कीं खोटी, हें त्यांस तपासावयाचें होतें. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेचीं दारें स्वामींनीं त्यांस मोकळीं केलीं. निर्णय काय निघेल हें कोणासच ठाऊक नव्हतें, आणि तो योगाभिमान्यांस न रुचणारा निघण्याचा संभव होता. १९६१ सालीं तो प्रसिद्ध झाला. योगी श्वास कोंडून छातीचे व पोटाचे स्नायु जोरानें आवळीत, त्यामुळें छातींतील दाब वाढून हृदयाकडे परत येणारें रक्त घटे. मग नाडी हातास लागत नसे, हृदयाचा ध्वनिहि ऐकूं येत नसे. परंतु विजेच्या यंत्रावर हृदयाचे ठोके चालूच दिसत. हृदय थांबलें नव्हतें. योग्यांचा ताबा होता तो स्नायूंवर, आणि तोहि कांहीं लहान नव्हता.

स्वामींच्या कामांत उणिवा नव्हत्या असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांचे कित्येक प्रयोग थोड्याच व्यक्तींवर झाले, आणि त्या व्यक्ति बहुधा त्यांच्याच शिष्यवर्गांतील असत. क्रिया करणारे शंभर व न करणारे शंभर अशी तुलना, जी आज प्रत्येक उपचाराच्या बाबतींत आवश्यक मानितात, ती त्या दिवसांत त्यांच्या आटोक्याबाहेर होती. म्हणून त्यांचीं सर्व अनुमानें आज जशींच्या तशीं मान्य करणें हें त्यांच्याच शिकवणीविरुद्ध होईल. त्यांनीं घालून दिलेली वाट मात्र मोलाची आहे. १८ एप्रिल १९६६ रोजीं स्वामींचें देहावसान झालें. योगायोग असा कीं, ज्या बर्नस्टाइनचा उल्लेख आम्हीं वर केला, तेहि त्याच वर्षीं जानेवारींत निवर्तले. दोघांची कधीं भेट झाली नाहीं. एकानें घणाचा मार मोजला, दुसऱ्यानें श्वासाची ये-जा मोजली. २०१९ सालीं ३० ऑगस्ट रोजीं, म्हणजे स्वामींच्या जन्मदिनीं, भारतीय टपाल खात्यानें त्यांचें चित्र असलेलें तिकीट काढलें.

त्यांच्या पश्चात् या विद्येची पुष्कळ वाढ झाली. १९९६ सालीं आस्ट्रेलियांतील हॉजेस व रिचर्डसन या संशोधकांनीं एक सूक्ष्म गोष्ट दाखविली. निरोगी माणूस हात उचलावयास लागला म्हणजे हात हालण्यापूर्वींच त्याच्या पोटाचा एक खोल स्नायु आखडतो आणि कण्यास आधार देतो. पाठदुखीनें पिडलेल्या माणसांत तोच स्नायु उशीरां जागा होतो. नौलीचा अभ्यासक ज्या पोटाच्या स्नायूंकडे लक्ष देत बसे, त्यांचा पाठीशीं किती निकटचा संबंध आहे हें यावरून कळून येतें. मग या स्नायूंस शिस्त लावणारे व्यायाम जगभर सुरू झाले. परंतु येथेंहि परीक्षा थांबली नाहीं. अनेक चाचण्यांचे आंकडे एकत्र केल्यावर असें दिसलें कीं, जुनाट कंबरदुखीवर हे व्यायाम उपयोगी पडतात खरे, तथापि इतर प्रकारच्या व्यायामांपेक्षां ते फारसे सरस ठरत नाहींत. स्वामी असते तर त्यांनीं हेंहि टिपण छापिलें असतें, अशी आमची खात्री आहे.

आतां दोन शब्द आमच्या विद्यार्थ्यांसाठीं. हा लेख वाचून कोणीहि घरच्या घरीं नौली करावयास बसूं नये. ती जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं, रिकाम्या पोटीं व प्रकृतीची तपासणी झाल्यावरच शिकावयाची क्रिया आहे. ज्यांस पोटाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे त्यांनीं तर तिच्या वाटेस जाऊंच नये. स्वामींचा शिष्य होण्यास त्याहून सोपी एक वाट आहे. येत्या रोवणीच्या दिवसांत बांधावर उभे राहून घरच्या माणसांच्या हातांकडे पाहा. एका मिनिटांत त्यांच्या हातून किती रोपें लागतात तें मोजा व वहींत लिहून ठेवा. मग स्वतः बांधींत उतरा. पहिल्या दिवशीं आपल्या हातून किती लागलीं, आठव्या दिवशीं किती, आणि त्यांतील किती उभीं राहिलीं, हेंहि लिहा. आंकडा लाजिरवाणा निघाला तरी खोडूं नका.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. ज्या हातांनीं आपण रोप लावितां, विडी वळतां, सूप पाखडतां, त्या हातांचें ज्ञान हें ज्ञानच होय. तें पुस्तकांत नाहीं म्हणून त्यास कमी लेखूं नका. मुलगा वही घेऊन शेजारीं आला तर त्यास हंसूं नका. पाठ दुखत असेल तर तें नशीब समजून अंगावर काढूं नका. तिच्यावर उपाय आहेत, ते शिकविणारीं माणसें आहेत. स्वामी कुवलयानंदांनीं आपल्या गुरूची विद्या परीक्षेस लावून तिचा मान वाढविला. आपल्या घरांतील विद्येची तशीच विचारपूस आमच्या शाळेंतील एखादा मुलगा किंवा मुलगी करील, तर ती नोंदवही पुढील वर्षीं याच अंकांत छापावयास आम्हांस आनंद होईल.